खोकल्याच्या औषधाची बाटली

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे खोकला दाबणारे किंवा कफ सुटा करणारे औषध आणि दुसरी म्हणजे ते ज्यात विरघळवलेले असते तो गोड, दाटसर पाक. आज वेष्टनावर छापलेल्या सूचना, केमिस्टच्या नोंदवहीतले रकाने आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती यांतील बहुतेक गोष्टी, या दोहोंपैकी एकाने कधी ना कधी केलेल्या घातानंतर आल्या. औषधाचा घात मुख्यतः अफूचा आहे. पाकाचा घात ग्लिसरिनच्या जागी आलेल्या एका कारखानी रसायनाचा आहे. दोन्ही कथा मुंबईवरून जातात.

कारखान्यात भरलेली बाटली येण्यापूर्वी खोकल्याचे औषध घरात किंवा वैद्याकडे होत असे. अडुळशाची पाने वाफवून पिळलेला रस मधातून चाटवणे, ज्येष्ठमधाची कांडी किंवा बेहड्याची साल तोंडात धरणे, सुंठ-खडीसाखर, भाजलेली लवंग, हळद घातलेले दूध हे उपाय महाराष्ट्रातल्या घरांत अजून मोडीत निघालेले नाहीत. वैद्यांच्या सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १ असे प्रमाण असते. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक चूर्ण साखरच असते, आणि तेही पुन्हा मधातून घ्यायचे. खोकल्याचे औषध गोड असावे ही अपेक्षा कंपन्यांनी निर्माण केली नाही, त्यांना ती आयती मिळाली. अडुळशाला तर आधुनिक औषधशास्त्रातही वंशज मिळाले. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसीन या अल्कलॉइडवरून १९६०च्या दशकात ब्रोमहेक्सिन तयार झाले आणि ब्रोमहेक्सिनचे शरीरात जे रूपांतर होते ते अँब्रोक्सॉल पुढे स्वतंत्र औषध म्हणून आले. कफ पातळ करणाऱ्या आजच्या कित्येक बाटल्यांत या दोहोंपैकी एक असते. बडोद्याच्या अलेम्बिक कंपनीने आपल्या प्रसिद्ध खोकल्याच्या औषधाचे नाव ‘ग्लायकोडिन टर्प वसाका’ असे ठेवले होते. त्यातला ‘वसाका’ म्हणजे हाच अडुळसा.

अडुळशाने कफ सुटतो, पण रात्रभर ढास लागलेल्या माणसाला झोप हवी असते, आणि ती अफूने येते. मेंदूतल्या ज्या केंद्राच्या इशाऱ्यावर खोकला येतो त्याला अफू गप्प बसवते. त्याबरोबरच ती श्वासाची गती मंद करते, आतडी सुस्तावते आणि वारंवार घेतल्यास सवय लावते. हे चारही परिणाम एकाच द्रव्याचे असल्याने पहिला हवा आणि उरलेले तीन नकोत असे करता येत नाही. खोकल्यावरच्या औषधांचा पुढचा बराच इतिहास हे जमवू पाहणाऱ्यांच्या धडपडीचा आहे.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात मुंबईच्या चाळींत तान्ह्या मुलांना ‘बाळागोळी’ दिली जाई. तिच्यात इतर पाचक द्रव्यांबरोबर अफूचा अंश असे. गिरणीत दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बाईला मूल झोपलेले राहणे भाग होते. रडणे, पोटदुखी, खोकला, दात येणे या सगळ्यांवर ती एकच गोळी चाले. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली तेव्हा ही चाल सर्रास असल्याची नोंद झाली. ज्या शहरात ही गोळी घरोघर होती त्या शहराच्या वैभवाचा मोठा भागही अफूवरच उभा होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि या व्यापारात अग्रभागी असलेल्या जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून १८४५ मध्ये भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. या रुग्णालयाचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, अगदी वेगळ्या कारणाने.

युरोपातही चित्र निराळे नव्हते. थॉमस डोव्हर या इंग्रज डॉक्टरने १७३२ मध्ये इपेकॅक आणि अफू मिसळून केलेली पूड दोनशे वर्षे ‘डोव्हर्स पावडर’ म्हणून टिकली. कापूर, बडीशेपेच्या जातीचे तेल आणि अफूचा अर्क मिळून होणारा ‘पॅरेगोरिक’ हा खोकल्यावरचा आणि जुलाबावरचा नेहमीचा उपाय होता. भारतात नोकरीला असलेल्या जॉन कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरने १८४८ च्या सुमारास पटकीवर ‘क्लोरोडाइन’ बनवले. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होते. पटकीपेक्षा खोकला, दमा, झोप न येणे यांसाठीच त्याचा खप पुढे जास्त झाला आणि ते न मिळाल्यास कासावीस होणारी माणसेही तयार झाली.

अफूतला नेमका कोणता अंश काम करतो याचा शोध जर्मनीतल्या फ्रीड्रिख झेर्ट्युर्नरने १८०४-०५ च्या सुमारास मॉर्फिन वेगळे करून लावला. फ्रान्सच्या पिएर रोबिके याने १८३२ मध्ये त्याच अफूतून कोडीन काढले. ते मॉर्फिनपेक्षा सौम्य होते, खोकल्यावर चांगले चाले आणि त्याची सवय तुलनेने उशिरा लागे. हे पुरेसे होते, पण बायर कंपनीला अधिक चांगले हवे होते. १८९८ मध्ये तिने मॉर्फिनवर रासायनिक क्रिया करून मिळवलेले डायअॅसिटिलमॉर्फिन बाजारात आणले, खोकला दाबणारे आणि सवय न लावणारे म्हणून. त्याला दिलेले व्यापारी नाव होते हेरॉइन. क्षयाने खोकणाऱ्यांना हे औषध वरदान वाटले, कारण क्षयावर इलाज नव्हता आणि खोकला निदान थांबे. पंधरा वर्षांत सत्य उघड झाले आणि १९१३ च्या सुमारास बायरने उत्पादन थांबवले. जे औषध सवय न लावणारे म्हणून विकले तेच सर्वांत जास्त सवय लावणारे निघाले. औषधांच्या जाहिरातींवर विश्वास किती ठेवावा याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

त्याच काळात अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ दात येणाऱ्या मुलांना पाजले जाई. १८४९ पासून विकल्या जाणाऱ्या या पाकात मॉर्फिन होते आणि बाटलीवर त्याचा उल्लेखही नसे. १९०६ च्या अमेरिकी कायद्याने औषधावर फारशी बंधने घातली नाहीत. त्याने इतकेच सांगितले की अफू, मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन, अल्कोहोल यांसारखी द्रव्ये बाटलीत असतील तर ती वेष्टनावर लिहावीत. औषधाच्या बाटलीवर घटक लिहिण्याची आज साधी वाटणारी पद्धत तिथून रुजली, आणि आईला वाचता आल्याबरोबर अशा औषधांचा खप घसरू लागला.

भारतात तेव्हा बाटलीवर काही लिहिलेले नसे, कारण बाटली रोग्याचीच असे. दवाखान्यात जाताना घरातली धुतलेली काचेची बाटली आणि बूच न्यायचे. बूच नसेल तर कागदाची गुंडाळी चाले. डॉक्टर नाडी पाहून, छातीला नळी लावून चिठ्ठीवर लॅटिन संक्षेपांत चार ओळी खरडत आणि ती चिठ्ठी लाकडी जाळीच्या पलीकडे कंपाउंडरकडे जाई. तो मोठ्या बरण्यांतून औंस आणि ड्रॅमच्या खुणा असलेल्या काचेच्या मापाने अमोनियम कार्बोनेट, इपेकॅकचा अर्क, कधी पॅरेगोरिक आणि पाणी घालून ‘मिक्श्चर’ करी. मग पांढऱ्या कागदाची लांब पट्टी घडी घालून तो कात्रीने दोन्ही बाजूंना तिरके काप देई. पट्टी उलगडली की तिला समान अंतरावर दाते पडलेले दिसत. ती डिंकाने बाटलीला उभी चिकटवली की एका दातापासून दुसऱ्यापर्यंत एक डोस. निरक्षर माणसालाही समजेल असे हे माप होते आणि बाटली कोणत्याही आकाराची असली तरी दिवसाचा हिशेब चुकत नसे. ‘हलवून घेणे’ ही सूचना तोंडी मिळे. तळाशी बसलेला गाळ न हलवता वरचे पाणी प्यायल्यास पहिले डोस निकामी आणि शेवटचा भारी पडे, म्हणून ती सूचना महत्त्वाची होती. या पद्धतीत घटक कोणते हे रोग्याला कळत नसले तरी प्रमाण माणसागणिक ठरे आणि औषध दोन-तीन दिवसांपुरतेच मिळे. उरलेली बाटली फडताळात ठेवून पुढच्या हिवाळ्यात शेजाऱ्याच्या मुलाला देण्याची सोय नव्हती. पुढे आलेल्या शंभर मिलिलिटरच्या तयार बाटलीने ही सोय करून दिली.

तयार बाटली सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर येण्यासाठी मात्र एक भीषण प्रसंग घडावा लागला. १९३७ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या एस. ई. मॅसेनगिल कंपनीला घसा येण्यावर नव्याने गाजत असलेले सल्फानिलामाइड पातळ स्वरूपात विकायचे होते, कारण दक्षिणेतल्या मुलांना गोळी गिळवत नव्हती. हे औषध पाण्यात विरघळेना. कंपनीचा रसायनज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स याला आढळले की डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये ते सहज विरघळते. त्यात रासबेरीचा स्वाद घातला. रंग, चव आणि वास तपासले गेले, पण प्राण्यांवर चाचणी झाली नाही, कारण कायदा ती मागत नव्हता. सप्टेंबरमध्ये २४० गॅलन तयार झाले. ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा येथून मृत्यूंच्या बातम्या आल्या. लघवी बंद होणे, पोटात असह्य वेदना, उलट्या, झटके, बेशुद्धी असा क्रम होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जवळजवळ सगळे निरीक्षक रस्त्यावर उतरवले आणि त्यांनी दुकानांच्या पावत्या, डॉक्टरांच्या नोंदी, घरांतली फडताळे पालथी घालून उरलेला बहुतेक साठा परत मिळवला. तोवर १०५ माणसे दगावली होती, त्यांत ३४ मुले. साठा जप्त करण्याचा कायदेशीर आधार हास्यास्पद होता. ‘एलिक्झिर’ म्हणजे अल्कोहोल असलेले औषध, आणि यात ते नसल्याने नाव खोटे, एवढाच गुन्हा कंपनीवर लागू झाला. वॉटकिन्सने पुढे आत्महत्या केली. १९३८ च्या जूनमध्ये नवा कायदा झाला आणि विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता दाखवणे अनिवार्य झाले. कोणते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही हे तिथे १९५१ मध्ये ड्युरहॅम-हम्फ्री दुरुस्तीने स्पष्ट झाले. तिचे दोन्ही प्रवर्तक लोकप्रतिनिधी होण्यापूर्वी औषधविक्रेतेच होते.

भारतात आर. एन. चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये भेसळीच्या आणि निकस औषधांच्या बाजाराचे वर्णन सरकारपुढे ठेवले. त्यातून १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम आले. याच नियमांच्या ‘शेड्यूल एच’ मधली औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच किरकोळ विकता येतात. प्रत्यक्षात काउंटरवर बाटलीचे नाव सांगितले की ती मिळत राहिली. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झाले. त्यातल्या ४६ औषधांच्या यादीत कोडीनचाही समावेश झाला. ते विकताना चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचे आणि रोग्याचे नाव, औषध व किती दिले हे वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो.

ही वही का लागली हे फेन्सेडिल आणि कोरेक्स या दोन नावांच्या कथेतून कळते. दोन्ही बाटल्यांत कोडीनला क्लोरफेनिरामिन या सर्दीवरच्या, गुंगी आणणाऱ्या औषधाची जोड होती. एक चमचा घेतला तर खोकला दबे. बाटलीच रिकामी केली तर नशा चढे. बांगलादेशाने १९८२ च्या राष्ट्रीय औषध धोरणात अशा मिश्रणांवर बंदी घातली, पण मागणी तशीच राहिली आणि सीमेपलीकडून फेन्सेडिलच्या बाटल्यांची चोरटी वाहतूक सुरू झाली. तिथल्या तरुणांत त्याला ‘डाइल’ म्हणतात. सीमा सुरक्षा दलाच्या जप्तीच्या यादीत गुरांबरोबर खोकल्याचे औषध वर्षानुवर्षे झळकत आले आहे. भारतातल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कमी तीव्रतेच्या कोडीनच्या औषधांना सवलत आहे, कारण रोग्याला ते मिळायला हवे, आणि याच सवलतीतून माल निसटतो. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत हे मिश्रणही होते. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण तज्ज्ञांच्या फेरविचाराला पाठवले आणि जून २०२३ मध्ये १४ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. त्यातही कोडीन-क्लोरफेनिरामिनचा पाक होता. सात वर्षे आणि तीन टप्पे लागलेल्या या प्रकरणात आजाऱ्याच्या गरजेपेक्षा खपाचाच विचार अधिक झाला असे म्हणायला जागा आहे.

दरम्यान कोडीनच्या सौम्यपणाचा समजही ढासळला. कोडीन स्वतः फारसे काम करत नाही. यकृतातले सीवायपी-२-डी-६ नावाचे विकर त्याचे मॉर्फिन बनवते आणि परिणाम मुख्यतः त्या मॉर्फिनचा असतो. हे विकर प्रत्येकात सारख्या वेगाने चालत नाही. काहींत कोडीन जवळजवळ निष्फळ जाते. काहींत ते इतक्या झपाट्याने मॉर्फिन होते की नेमून दिलेल्या मापातही श्वास बंद पडू शकतो, आणि रोगी कोणत्या गटातला हे चेहऱ्यावरून कळत नाही. टॉन्सिल काढल्यावर कोडीन दिलेल्या मुलांचे मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेने २०१३ मध्ये कडक इशारा दिला. २०१५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने खोकल्यासाठी १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन वर्ज्य ठरवले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने कोडीनयुक्त खोकल्याची औषधे १८ वर्षांखाली देऊ नयेत असे सांगितले. स्तनपान करणाऱ्या मातेने ते घेऊ नये, कारण मॉर्फिन दुधातून बाळाला जाते. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका कैक पटींनी वाढतो. दम्याचा झटका आलेला असताना किंवा छातीत भरपूर कफ असताना खोकला दाबणे घातक ठरते, कारण फुप्फुस साफ करण्याचा तेवढाच मार्ग असतो. १९५८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनने कोडीनची बरीच जागा घेतली. त्याची सवय कमी लागते, पण भरमसाट घेतल्यास भास होतात, आणि नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर ते घ्यायचे नसते.

पाकाची कथा भारतात मद्रासपासून सुरू होते. तिथे १९७२ मध्ये डायइथिलीन ग्लायकॉल असलेल्या पाकाने १४ मुले गेली. हे द्रव्य ग्लिसरिनसारखेच रंगहीन, दाट आणि गोडसर असते. वास नसतो. ब्रेकच्या तेलात, गोठणविरोधी द्रवांत, शाई व राळ बनवण्यात ते लागते आणि औषधी ग्लिसरिन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलपेक्षा ते स्वस्त पडते. शरीरात त्याचे डायग्लायकॉलिक आम्ल होते आणि ते मूत्रपिंडाच्या नलिका मारते. डोळ्यांनी, जिभेने किंवा नाकाने दोन्ही द्रवांत फरक करता येत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो, आणि तपासणी न करण्याचा मोह असा की बहुतेक वेळा पिंपात खरोखरच ग्लिसरिन असते.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी तोंडाने ग्लिसरिन दिलेल्या रोग्यांची लघवी बंद पडू लागली. बरे होऊन घरी जाण्याच्या वाटेवर असलेली माणसे मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. १४ मृत्यू झाले. ग्लिसरिनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगापुढे चाललेल्या चौकशीत एका पिंपाच्या मागची सगळी साखळी उघडी पडली. औषधांची खरेदी कशी होते, पुरवठादाराला परवाना कसा मिळतो, नमुने कोण घेतो आणि अहवाल कुणाच्या टेबलावर पडून राहतो हे सगळे बाहेर आले. आयोगाने रुग्णालयाच्या व्यवस्थापनापासून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनातल्या अधिकाऱ्यांपर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत ताशेरे ओढले. लेंटिन अहवाल आजही औषध-प्रशासनाच्या चर्चेत आधाराला घेतला जातो. त्यात दाखवलेली दुखणी नंतरच्या प्रत्येक दुर्घटनेत पुन्हा दिसल्यामुळे तो जुना होत नाही.

१९९८ मध्ये गुडगाव परिसरातली ३३ मुले खोकल्याच्या औषधाने गेली. २००६ मध्ये पनामात तर सरकारी प्रयोगशाळेनेच खोकल्याचे औषध बनवले होते. चीनमधून निघालेली पिंपे स्पेनमार्गे तिथे पोचेपर्यंत दर टप्प्यावर कागदपत्रे बदलत गेली, आणि शेवटच्या कागदावर ‘ग्लिसरिन’ असेच लिहिलेले होते. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतल्या उधमपूर जिल्ह्यात किमान १२ मुले दगावली. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातल्या एका कंपनीच्या चार औषधांबाबत इशारा दिला. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात ६६ मुलांचे मृत्यू त्यांच्याशी जोडले गेले होते. भारत सरकारने आपल्या तपासणीत दोष आढळला नसल्याचे सांगितले, पण १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली. देशातल्या बाजारासाठी तशी सक्ती झाली नाही, आणि हा भेद दोन वर्षांनी महाग पडला. औषधी ग्लिसरिनमध्ये हे रसायन ०.१० टक्क्यापेक्षा अधिक चालत नाही. सप्टेंबर २०२५ पासून मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात परासियाच्या आसपास जी मुले आजारी पडली त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ पाकात, तामिळनाडूच्या औषध विभागाच्या तपासणीनुसार, ते ४८.६ टक्के होते. औषध कांचीपुरम जिल्ह्यात बनले होते. छिंदवाड्याला मोठे वैद्यकीय केंद्र जवळचे ते नागपूरच, म्हणून अनेक मुले तिथे आणली गेली आणि बऱ्याच जणांनी तिथेच प्राण सोडले. आरंभी साथीचा संशय होता. लघवी थांबलेली असणे आणि सगळ्यांनी घेतलेला पाक एकच निघणे यावरून दिशा सापडली. वीसहून अधिक मुले गेली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही कोल्ड्रिफच्या त्या तुकडीची (बॅचची) विक्री व वापर थांबवण्याचा आदेश काढला.

कोल्ड्रिफमध्ये जाहीर केलेले घटकही लहानग्यांसाठी नव्हते. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, आणि तसे वेष्टनावर छापावे, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कळवले होते. अमेरिकेत दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधे नकोत हा सल्ला जानेवारी २००८ मध्ये आला आणि ब्रिटनने २००९ मध्ये ही मर्यादा सहा वर्षांपर्यंत नेली. भारतात ३ ऑक्टोबर २०२५ च्या केंद्रीय सूचनेने दोन वर्षांखाली ही औषधे लिहूच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत असे सांगितले. यामागे विषबाधेइतकेच दुसरेही कारण आहे. साध्या सर्दीखोकल्यात ही औषधे मुलांना फायदा करतात याचा भक्कम पुरावा कधी मिळालेला नाही. कोमट पाणी, पुरेसे दूध-पेज आणि एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध यांनी तेवढेच साधते. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देत नाहीत, कारण त्यातले जिवाणू आतड्यात विष तयार करू शकतात.

मापाचा प्रश्न कंपाउंडरच्या कातरलेल्या पट्टीनंतर पुन्हा उभा राहिला. तयार बाटलीवर ‘एक चमचा’ छापले गेले आणि ते पाच मिलिलिटर मानले गेले, पण स्वयंपाकघरातला चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा असेलच असे नाही आणि पोह्यांचा तर नसतोच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये चमचा हा शब्द सोडून फक्त मिलिलिटर वापरावे असे सुचवले. भारतात बाटलीच्या झाकणावर बसणारी खुणांची टोपी तेच काम करते. मुलांना सुई नसलेल्या पिचकारीने देणे अधिक अचूक ठरते. एकाच नावाच्या औषधात दोन तीव्रता असतात आणि ‘डीएस’ लिहिलेल्या बाटलीत पाच मिलिलिटरला दुप्पट औषध असते, त्यामुळे बाटली बदलली की मापही डॉक्टरांकडून किंवा केमिस्टकडून पुन्हा विचारून घ्यावे लागते. सर्दीच्या गोळीत आणि खोकल्याच्या पाकात पॅरासिटामॉल दोन्हीकडे असू शकते, तेव्हा दोन्ही एकदम घेतल्यास नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. चिठ्ठीवरचे औषध ज्याच्या नावाचे, त्यानेच ते घ्यायचे असते, आणि बाटली उघडल्यावर वेष्टनावर दिलेल्या मुदतीनंतर उरलेले टाकून द्यायचे असते. औषध घेतल्यावर मूल सुस्त होणे, श्वास मंद किंवा घरघरता होणे, ओठ निळसर दिसणे, किंवा सहा-आठ तास लघवी न होणे यांपैकी काहीही दिसले तर पुढचा डोस न देता, बाटली आणि तिचे खोके बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे लागते. तुकडीचा क्रमांक खोक्यावर आणि बाटलीवर असतो, आणि परासियासारख्या प्रकरणात विक्री थांबवण्याचा आदेश त्या क्रमांकावरच काढला जातो. दोन आठवड्यांवर टिकलेल्या खोकल्याला पाक देत न राहता थुंकीची क्षयासाठी तपासणी करायची, असा देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा निकष आहे.